सातबारा आणि विहीर : ‘सार्वभौमत्वा’चा प्रचार कसा ऐकावा

२३ जून २०१६. ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, याचं सार्वमत. पुण्याहून कंपनीच्या कामावर लंडनला गेलेला एखादा इंजिनिअर त्या दिवशी खिशात भारतीय पासपोर्ट असूनही मत देऊ शकत होता. भारत राष्ट्रकुलात आहे आणि ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकांना तिथे मताचा हक्क असतो. मतदारयादीत नाव घातलेलं असलं की झालं. पोर्तुगीज पासपोर्टवर मडगावहून स्विंडनला येऊन राहिलेला गोंयकार मात्र त्या दिवशी नुसता बघत बसला. पोर्तुगाल युरोपीय संघात. आणि आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडले तर संघातल्या इतर देशांच्या नागरिकांना या सार्वमतात मत नव्हतं. ज्याचा व्हिसा दोन वर्षांनी संपणार त्याला मत. ज्याचं सगळं बिऱ्हाड त्या निकालावर टांगलेलं त्याला नाही. स्विंडनने बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला.

त्या प्रचाराचं सार एका ओळीत सांगता येतं : देशाचे निर्णय देशातल्या लोकांनी घ्यावेत. याच्याइतकं सरळ वाक्य शोधून सापडणार नाही. पण ‘देशातले लोक’ म्हणजे नेमके कोण, असं विचारायला गेलं की पुण्याचा इंजिनिअर आणि मडगावचा गोंयकार शेजारी शेजारी उभे राहतात, आणि सरळ वाक्याला गाठी पडायला लागतात.

युरोपातल्या उजव्या लोकानुनयी पक्षांच्या प्रचारात ‘सार्वभौमत्व’ हा हुकमाचा एक्का आहे. लोकानुनयी म्हणजे ‘खरी जनता’ एका बाजूला आणि तिला फसवणारे वरचे लोक दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी करणारे. उजवे म्हणजे त्या जनतेची ओळख राष्ट्र, धर्म, परंपरा यांनी ठरवणारे. ब्रिटनमध्ये आधी यूकिप आणि आता रिफॉर्म यूके, फ्रान्समध्ये नॅशनल रॅली, इटलीत लीग आणि ब्रदर्स ऑफ इटली, हंगेरीत फिडेस, पोलंडमध्ये लॉ अँड जस्टिस, नेदरलँड्समध्ये गेर्ट विल्डर्स यांचा पक्ष. तुम्ही लेस्टरला किंवा आम्स्टरडॅमला मतदार असाल, मुलगा-सून तिकडे म्हणून निकालाकडे डोळे लावून बसला असाल, किंवा सांगलीत सकाळचा चहा घेताना ‘ब्रसेल्सला दणका’ असा मथळा वाचत असाल, तर ही भाषा ऐकायची कशी, याच्या काही युक्त्या पुढे दिल्या आहेत. मत कोणाला द्यायचं हे तुमचं तुम्ही ठरवा.

सातबारा वेगळा, पाणी वेगळं

‘सार्वभौम’ हा आपल्या जुन्या भाषेत सम्राटाचा शब्द : सर्व भूमीचा स्वामी. आज त्याचा अर्थ एवढाच की देशाच्या हद्दीत शेवटचा शब्द कोणाचा. प्रचारात मात्र तो दोन अर्थांनी फिरतो आणि सगळी हातचलाखी त्या दोन अर्थांच्या मधल्या फटीत चालते.

सातबाऱ्यावर नाव असणं ही एक गोष्ट. विहिरीला पाणी असणं ही दुसरी. पहिली म्हणजे कागदावरचा अधिकार : कायदा करायचा, बदलायचा, करारातून बाहेर पडायचा. दुसरी म्हणजे तो अधिकार वापरून हवं ते घडवून आणायची ताकद. बांध जमिनीवर असतो. खालच्या झऱ्याला बांध कळत नाही. गॅसचा भाव, चलनाचा दर, युद्धातून पळालेली माणसं, साथीचा रोग, सगळं त्या झऱ्यासारखं. सातबारा एकट्याचा असला तरी पाणी शेजाऱ्याच्या उपशावर अवलंबून असतं.

प्रचारक सातबारा दाखवतो आणि ऐकणाऱ्याला पाणी दिसतं. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या : प्रत्येक वाक्यापाशी थांबून बघा, हे कागदावरच्या नावाबद्दल चाललंय की विहिरीतल्या पाण्याबद्दल?

ब्रिटनचंच उदाहरण घ्या. सार्वमतानंतर फेब्रुवारी २०१७ मध्ये ब्रिटिश सरकारने बाहेर पडण्याच्या धोरणाची श्वेतपत्रिका काढली. त्यात सरकारनेच कबूल केलं की युरोपीय संघाचं सदस्य असतानाही ब्रिटिश संसद पूर्ण काळ सार्वभौमच होती; फक्त तसं नेहमी वाटत नव्हतं. म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव कधी बदललंच नव्हतं. संसदेला हवं तेव्हा बाहेर पडता येत होतं, आणि शेवटी ती पडलीच. भावना खरी होती, पण ती पाण्याची होती.

आधी त्यांची बाजू

ही भाषा बोलणारा प्रत्येक जण लबाड आणि ऐकणारा प्रत्येक जण भोळा, असं धरून चाललात तर पुढचं काहीच कळणार नाही. तक्रारीत तथ्य आहे, आणि ते माहीत असलेलं बरं.

युरोपीय कायदा आणि देशाचा कायदा यांत विरोध आला तर युरोपीय कायदा वरचढ, हे तत्त्व मूळ करारात लिहिलेलं नव्हतं. ते लक्झेंबर्गच्या न्यायालयाने १९६४ च्या एका निकालात मांडलं. २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी युरोपीय राज्यघटनेचा मसुदा सार्वमतात फेटाळला. त्यातला बराच मजकूर दोन वर्षांनी लिस्बन करारात आला आणि तेव्हा त्या दोन्ही देशांत लोकांना परत विचारलं गेलं नाही. आयर्लंडने २००८ मध्ये लिस्बनला ‘नाही’ म्हटलं, तर २००९ मध्ये पुन्हा मतदान झालं. जुलै २०१५ मध्ये ग्रीसच्या ६१ टक्के मतदारांनी कर्जाच्या अटी नाकारल्या आणि काही दिवसांतच त्यांच्या सरकारला कडक अटींवर सही करावी लागली. असं पाहिलेल्या माणसाला ‘तुमच्या मताला किंमत नाही’ हे वाक्य पटलं, तर त्यात नवल काय?

ग्रीसचं ते सरकार डाव्यांचं होतं, हेही ध्यानात ठेवा. १९७५ च्या ब्रिटनमधल्या सार्वमतात युरोपीय समुदायातून बाहेर पडा, संसदेची सत्ता वाचवा, असं सांगणाऱ्यांत मजूर पक्षाचे टोनी बेन आघाडीवर होते. हा शब्द उजव्यांनी शोधलेला नाही. त्यांनी त्याला वेगळी फोडणी दिली, आणि ती ओळखता आली पाहिजे.

‘परत’ या शब्दावर बोट ठेवा

२०१६ च्या ‘व्होट लीव्ह’ मोहिमेची घोषणा मराठीत सांगायची तर ‘सूत्रं परत हाती घ्या’. यातला वजनदार शब्द ‘सूत्रं’ नाही, ‘परत’ आहे. मोहिमेचे सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज यांनी पुढे स्वतःच या एका शब्दाचं महत्त्व सांगितलं. नवं काही मिळवायला माणूस दहादा विचार करतो; हिसकावलेलं परत घ्यायला लगेच उठतो. ‘परत’ म्हटलं की तीन गोष्टी न बोलता सिद्ध होतात : आपल्याकडे काहीतरी होतं, ते कोणीतरी नेलं, आणि नेणारा चोर आहे.

मतदानाच्या दोन दिवस आधी वेंब्लीच्या वादसभेत बोरिस जॉन्सन म्हणाले की गुरुवार हा आपल्या देशाचा स्वातंत्र्यदिन ठरू शकतो. १५ ऑगस्टला झेंडावंदन करत मोठ्या झालेल्या कोणालाही हे ऐकून हसू येईल : ब्रिटनला स्वातंत्र्य, आणि ते कोणापासून? पण हसून सोडू नका. वसाहतीची भाषा स्वतःकडे ओढून घेणं ही या प्रचाराची ठरलेली रीत आहे. १५ मार्च हा हंगेरीत १८४८ च्या क्रांतीचा स्मृतिदिन. २०१२ साली त्याच दिवशी बुडापेस्टच्या सभेत पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांनी सांगितलं की हंगेरी वसाहत होणार नाही. स्वित्झर्लंडमध्ये पीपल्स पार्टीने २०१८ मध्ये ‘परके न्यायाधीश नकोत’ म्हणून सार्वमत घडवलं. त्यामागे थेट १२९१ च्या सनदेची आठवण होती. त्या वेळी ६६ टक्के स्विस मतदारांनी प्रस्ताव फेटाळला.

‘परत’ ऐकलंत की तीन प्रश्न विचारा. कोणत्या सालापर्यंत परत? तेव्हा शेवटचा शब्द कोणाचा होता? आणि तेव्हा मत कोणाकोणाला होतं?

केळं, वीजबिल आणि लाल बस

सार्वभौमत्व हा चव नसलेला शब्द आहे. सभेत तो नुसता टाकला तर लोक जांभया देतील. म्हणून तो नेहमी घरातल्या एखाद्या वस्तूला बांधून आणतात.

ब्रिटनमध्ये ती वस्तू केळं होती. ब्रसेल्स आपल्या केळ्यांचा बाक ठरवतं, हा किस्सा तिथे वर्षानुवर्षं चालला. जळगावच्या वाचकाला यातली खरी गोष्ट चटकन कळेल, कारण प्रतवारी त्याला रोजची आहे. १९९४ च्या युरोपीय नियमात केळ्यांच्या प्रती ठरवल्या होत्या. वरच्या प्रतीत वेडावाकडा आकार चालत नाही, खालच्या प्रतीत चालतो. वाकडं केळं विकायला बंदी नाही, ते फक्त पहिल्या प्रतीत बसत नाही. कण खरा, मण खोटा. पण नियम समजावायला पाच मिनिटं लागतात आणि किस्सा पाच सेकंदांत होतो.

हंगेरीत ती वस्तू घरचं बिल होती. २०१७ मध्ये ऑर्बान सरकारने घरोघरी एक प्रश्नावली पाठवली. नाव : ‘ब्रसेल्सला रोखूया’. ती जरा जवळून बघा. सहा प्रश्न, प्रत्येकाला दोन पर्याय. पहिला प्रश्न वीज-गॅसच्या दराचा : सरकारने घरगुती बिलं कमी केली आहेत आणि ब्रसेल्सला ती सवलत काढायला लावायची आहे, तर आपण काय करावं? एक पर्याय : सवलत जपावी आणि हंगेरीतले दर हंगेरीतच ठरावेत असा आग्रह धरावा. दुसरा : ब्रसेल्सची योजना मान्य करून दर मोठ्या कंपन्यांवर सोडावेत. आता सांगा, दुसऱ्यावर खूण करणारी गृहिणी कुठे सापडेल? युरोपीय आयोगाने प्रत्येक प्रश्नातली चूक दाखवणारं उत्तर प्रसिद्ध केलं. पण प्रश्नावली लाखो घरांत पोचली होती. उत्तर वाचायला मुद्दाम शोधायला लागत होतं.

तिसरी वस्तू पैसा. ‘व्होट लीव्ह’ची लाल बस ब्रिटनभर फिरली. तिच्यावर लिहिलं होतं की आपण युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, त्यापेक्षा आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ. हिशेब सीटीसी आणि हातात पडणाऱ्या पगारासारखा होता. ३५ कोटी हा ढोबळ आकडा. १९८४ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी मिळवलेली सूट आधीच वजा होत असल्याने प्रत्यक्षात आठवड्याला २५ कोटींच्या आसपास जात होते, आणि त्यातलेही बरेच शेती-अनुदान वगैरे वाटांनी परत येत होते. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने प्रचार चालू असतानाच हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं. तरी बस थांबली नाही. उलट आकडा खोटा आहे यावर जितकी चर्चा झाली, तितका तो लोकांच्या कानावर पडत गेला.

इथला धडा दुहेरी आहे. आकडा दिसला की विचारा : ढोबळ की निव्वळ? आणि घरच्या ग्रुपवर तो खोडायला बसलात तर चुकीचा आकडा मथळ्यात घेऊ नका. बरोबर आकड्याने सुरुवात करा.

चोराचं गाव बदलतं का, बघा

इटलीतल्या ‘नॉर्दर्न लीग’ची गोष्ट या बाबतीत शिकण्यासारखी आहे. १९९६ मध्ये तिचे नेते उंबेर्तो बॉस्सी यांनी व्हेनिसमध्ये उत्तर इटलीचं ‘पादानिया’ हे स्वतंत्र राष्ट्र जाहीर केलं होतं. तेव्हा चोर होता रोम : उत्तरेचा कर दक्षिणेला वाटणारा. पुढे मात्तेओ साल्व्हिनी आले. २०१८ च्या निवडणुकीत नावातला ‘नॉर्दर्न’ गेला, घोषणा झाली ‘आधी इटालियन’, आणि चोराचं गाव झालं ब्रसेल्स. राष्ट्राची हद्द बदलली, लुटले जाणारे बदलले, लुटणारा बदलला. गाऱ्हाण्याचा साचा तोच.

ब्रिटनमध्ये ब्रसेल्सशी संबंध तुटल्यावर तेच झालं. जून २०२२ मध्ये आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला नेणारं विमान स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाच्या हंगामी आदेशामुळे थांबलं, आणि सभांमध्ये ब्रसेल्सची जागा स्ट्रासबर्गने घेतली. रिफॉर्म यूकेने २०२४ मध्ये मानवी हक्क करारातून बाहेर पडायचं वचन दिलं. पुढच्या वर्षी हुजूर पक्षानेही दिलं.

इथे आपल्याकडच्या बातम्यांत नेहमी घोळ होतो, म्हणून तीन शहरं पाठ करून ठेवा. ब्रसेल्स : युरोपीय संघाचा आयोग आणि मंत्र्यांच्या बैठका. लक्झेंबर्ग : युरोपीय संघाचं न्यायालय. स्ट्रासबर्ग : मानवी हक्क न्यायालय, आणि त्याचा युरोपीय संघाशी संबंध नाही, ते १९४९ साली स्थापन झालेल्या ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या वेगळ्या संघटनेचं, जिच्या संस्थापकांत ब्रिटन होता. (संघाच्या संसदेची अधिवेशनंही स्ट्रासबर्गला भरतात, त्यामुळे गोंधळात भर.) भाषणात शहर चुकलं तर ते अज्ञान असेल किंवा सोय. दोन्ही नोंदवून ठेवण्याजोगं.

परका घरातच सापडतो तेव्हा

आतापर्यंतचा वाद बाहेरच्यांशी होता. सगळ्यात सावध व्हायचं ते हीच भाषा घरातल्यांकडे वळते तेव्हा.

सार्वमतानंतर प्रश्न आला : बाहेर पडण्याची नोटीस सरकार एकट्याने देऊ शकतं की संसदेला विचारावं लागेल? ३ नोव्हेंबर २०१६ ला लंडनच्या उच्च न्यायालयाने सांगितलं, संसदेला विचारा. ज्या संसदेची सत्ता परत आणायची म्हणून सगळा खटाटोप झाला, तिलाच न्यायाधीशांनी शेवटचा शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी ‘डेली मेल’ने तीन न्यायाधीशांचे फोटो छापून पानभर मथळा दिला : जनतेचे शत्रू. सार्वभौमत्व संसदेचं, मतपेटीचं, सरकारचं की न्यायालयाचं, हा खराखुरा घटनात्मक प्रश्न एका मथळ्यात गाडला गेला.

हंगेरीत ही गोष्ट मथळ्यावर थांबली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे ‘सार्वभौमत्व संरक्षण’ कायदा झाला आणि त्याच नावाचं कार्यालय फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालं. परदेशी पैसा घेऊन देशाच्या राजकारणावर कोण प्रभाव टाकतं, याची चौकशी हे त्याचं काम. त्याने सुरुवातीलाच ज्यांच्या चौकशा काढल्या, त्यांत भ्रष्टाचारावर लिहिणारी एक वृत्तसंस्था आणि भ्रष्टाचारविरोधी काम करणारी एक संस्था होती. युरोपीय आयोग या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेला.

बाहेरचा पैसा निवडणुकीत येऊ नये, ही मागणी रास्त आहे. पुष्कळ लोकशाही देशांत तसे कायदे असतात. पारख करायची ती एकाच गोष्टीची : हा नियम सगळ्या परदेशांना सारखा लागतो का? त्याच हंगेरीने २०१४ मध्ये पाक्श येथील अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी रशियाशी करार केला, १० अब्ज युरोपर्यंतच्या रशियन कर्जासह. बुडापेस्ट–बेलग्रेड रेल्वेमार्गाला चीनचं कर्ज आलं आणि त्या कराराचा तपशील २०२० च्या कायद्याने दहा वर्षं गोपनीय ठेवला गेला. ब्रसेल्सच्या पैशाला अटी असतात आणि त्या छापलेल्या असतात. मॉस्को-बीजिंगच्या पैशाचं काय, हे त्या प्रचारात ऐकू येत नव्हतं. एकाच दिशेचं कुंपण हे कुंपण नसतं.

मतपत्रिकेवरचा प्रश्न मोठ्याने वाचा

या पक्षांना सार्वमत आवडतं. लोकांना थेट विचारण्यात वावगं काहीच नाही. पण प्रश्न कोणी लिहिला, याकडे बघा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पोलंडच्या सत्ताधाऱ्यांनी संसदेच्या निवडणुकीबरोबरच चार प्रश्नांचं सार्वमत ठेवलं. त्यातल्या एका प्रश्नाचा आशय असा : युरोपीय नोकरशाहीने लादलेल्या सक्तीच्या पुनर्वसन योजनेनुसार मध्यपूर्व आणि आफ्रिकेतून हजारो बेकायदा स्थलांतरितांना प्रवेश द्यायला तुमचा पाठिंबा आहे का? ‘लादलेल्या’, ‘सक्तीच्या’, ‘बेकायदा’, ‘हजारो’. उत्तर प्रश्नातच शिजवून दिलेलं. पोलिश मतदारांनी यावर मोठा मार्मिक तोडगा काढला. निवडणुकीत मतदान झालं ७४ टक्के. सार्वमतात सुमारे ४१ टक्के. माणसं केंद्रावर गेली, संसदेची मतपत्रिका घेतली आणि दुसरी घेतलीच नाही. अर्ध्याहून कमी मतदान झाल्याने सार्वमत बंधनकारक ठरलं नाही. हंगेरीतही २०१६ मध्ये निर्वासितांच्या कोट्यावरच्या सार्वमतात वैध मतांपैकी ९८ टक्के सरकारच्या बाजूने पडली, पण निम्मेही मतदार आले नाहीत आणि ते अवैध ठरलं.

प्रश्न मोठ्याने वाचा आणि त्यातली विशेषणं काढून पुन्हा वाचा. उरलेल्या प्रश्नाला तुमचं उत्तर तेच राहिलं, तर ते तुमचं.

निवडून आल्यावर काय झालं

प्रचार तपासायचा सोपा रस्ता म्हणजे मागच्या वेळी काय झालं ते बघणं. लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी २०१६ च्या सार्वमताच्या वेळी बारा हजारांवर मतदारांची पाहणी केली. ‘बाहेर’ म्हणणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांनी मुख्य कारण दिलं की देशाचे निर्णय देशात व्हावेत. ३३ टक्क्यांनी स्थलांतरावर आणि सीमेवर ताबा. पहिल्या गटाला सातबारा हवा होता, दुसऱ्याला पाणी.

सातबारा मिळाला. जानेवारी २०२१ पासून कोणाला येऊ द्यायचं हे सर्वस्वी लंडन ठरवू लागलं. आणि लंडनने ठरवलं ते काय? रुग्णालयांना परिचारिका हव्या, वृद्धाश्रमांना सेवक हवे, विद्यापीठांना फी भरणारे विद्यार्थी हवे. युरोपातून येणारे घटले, भारत-नायजेरियातून येणारे वाढले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वजाबाकी २०२३ च्या सुमारास वर्षाला ९ लाखांच्या वर गेली. नर्सिंग किंवा मास्टर्स करून तिकडे गेलेली आपली कितीतरी मुलं या आकड्यात आहेत. पूर्ण सार्वभौम निर्णय. फक्त त्या ३३ टक्क्यांनी ऐकला होता त्याच्या बरोबर उलटा.

व्यापाराचंही तसंच. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनने भारताशी मुक्त व्यापार करारावर सही केली. युरोपीय संघात असताना असा स्वतंत्र करार करता आला नसता, म्हणजे सातबाऱ्याचा हा खराखुरा उपयोग, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. त्याच वाटाघाटींत ठरलं की भारतीय कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तिकडची सामाजिक सुरक्षा वर्गणी भरावी लागणार नाही. इकडे येणाऱ्या ब्रिटिश कर्मचाऱ्यालाही तशीच सूट. हिंजवडीतल्या कंपन्यांना हायसं वाटलं. रिफॉर्म यूकेचे नायजेल फराज यांनी त्यावरच टीकेची झोड उठवली. स्वतःचे करार स्वतः करायला मिळाले, तरी करारात समोरच्यालाही काही द्यावं लागतं, हे कोणत्याच घोषणेत मावत नाही.

आणखी दोन नमुने. नॅशनल रॅलीच्या मरीन ल पेन यांनी २०१७ मध्ये फ्रान्सचं चलन परत आणण्याची आणि संघातल्या सदस्यत्वावर सार्वमताची भाषा केली. दुसऱ्या फेरीत त्यांना ३४ टक्के मतं पडली आणि पुढच्या काही वर्षांत ती वचनं पक्षाने गुंडाळून ठेवली. इटलीत ब्रदर्स ऑफ इटलीच्या जॉर्जिया मेलोनी सत्तेवर आल्या तेव्हा शेती खात्याच्या नावात ‘अन्न सार्वभौमत्व’ घातलं गेलं, आणि २०२३ मध्ये त्याच सरकारने तीन वर्षांसाठी संघाबाहेरच्या साडेचार लाख कामगारांना परवाने मंजूर केले. भाषण सभेत होतं, परवाना मंत्रिमंडळात निघतो. मोजायचा तो परवाना.

एक वाक्य, एक पेन्सिल

आता सराव. कोणत्याही प्रचारपत्रकात भेटेल असं वाक्य घेऊ : ‘ब्रसेल्समधले न निवडलेले बाबू आपले कायदे करतात.’

‘न निवडलेले’खाली रेघ मारा. आयोगाचे सदस्य थेट निवडून येत नाहीत, आणि कायद्याचा मसुदा मांडण्याचा अधिकार मुख्यतः आयोगालाच आहे. हा कण खरा. आता ‘करतात’खाली रेघ मारा. मसुद्याचा कायदा व्हायला दोन ठिकाणी मंजुरी लागते : सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत आणि युरोपीय संसदेत, जिच्या निवडणुका १९७९ पासून थेट होतात. फराज १९९९ ते २०२० असे वीस वर्षांहून अधिक काळ त्याच संसदेचे निवडून आलेले सदस्य होते. वेस्टमिन्स्टरमध्ये ते आठव्या प्रयत्नात, २०२४ साली पोचले. शेवटी ‘आपले’खाली रेघ मारा. कोणते कायदे? मालाची प्रतवारी, स्पर्धा, पर्यावरण यांत ब्रसेल्सचा हात मोठा. शाळा, रुग्णालयं, आयकर, पोलीस बव्हंशी देशाच्याच हाती. तीन रेघांनंतर वाक्य असं होतं : ‘काही विषयांतल्या कायद्यांचे मसुदे थेट न निवडलेला आयोग मांडतो आणि निवडलेले लोक ते मंजूर करतात.’ यावरही खुशाल भांडता येईल. आयोगाला एवढा अधिकार का, हा वाद रास्तच आहे. पण ते भांडण खऱ्या गोष्टीवर होईल.

हे तंत्र दुसऱ्या बाजूच्या पत्रकालाही लावा. २०१६ मध्ये ‘राहा’ म्हणणाऱ्यांनीही घबराटीचे आकडे वाटले होते. आणि घरात वाद झाला तर समोरच्याला ‘तू फसलास’ म्हणू नका. ‘तुला यातून नेमकं काय बदललेलं हवंय?’ असं विचारा. उत्तर दवाखान्याच्या रांगेचं असेल, पोराच्या नोकरीचं असेल, गावातल्या बंद पडलेल्या कारखान्याचं असेल. तिथून बोलणं सुरू करा.

शेवटचं काम सगळ्यात सोपं : पत्रक रद्दीत टाकू नका. तारीख घालून खणात ठेवा. २०१६ च्या ‘व्होट लीव्ह’च्या पत्रकांत ७ कोटी ६० लाख लोकसंख्येचा तुर्कस्तान युरोपीय संघात येतोय, असं नकाशासकट छापलं होतं. ज्या घरात ते जपून ठेवलं असेल, तिथे आजही काढून बघता येईल. तुर्कस्तान अजून दाराबाहेरच आहे. पुढचं पत्रक पडेल तेव्हा ते वाचण्याआधी खण उघडा.